हान काळातला घडा फोडला, ती परंपरेची नवी मांडणी कशी? (आजचे चिनी कलावंत आणि पोर्सलेन, म्हणजे चिनी मातीचं काम)

रंगरेषा

आजच्या चिनी कलावंतांनी मातीकामाच्या परंपरेचं काय केलं, असा विषय निघाला की पहिलं नाव आय वेवेचं येतं आणि डोळ्यांपुढे ते तीन कृष्णधवल फोटो येतात. १९९५ सालचं काम आहे. पहिल्या फोटोत त्याच्या हातात साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, हान काळातला घडा. दुसऱ्यात घडा हवेत. तिसऱ्यात पायाशी ठिकऱ्या. तिन्ही फोटोंत चेहऱ्यावरची रेषही हललेली नाही. आदल्या वर्षी त्याने अशाच एका जुन्या घड्यावर कोका-कोलाची अक्षरं रंगवली होती.

मी कॉलेजात कलेचा इतिहास शिकवते. मुलांना हे फोटो फार आवडतात, उत्तरपत्रिकेत सगळे त्यावरच लिहितात. मला स्वतःला वाटतं की फोडण्याचा जेवढा गाजावाजा झाला, त्याच्या पावपटही घडवण्याचा झाला नाही. ल्यू ज्यानह्वा, आ श्यान, गंग श्वे, ली श्याओफेंग ही मंडळी त्याच परंपरेत कोपरापर्यंत हात घालून बसली आहेत, आणि खरं नवेपण त्यांच्या कामात आहे.

तुम्हाला काय वाटतं? यांपैकी कुणाचं काम प्रत्यक्ष पाहिलं असेल तर जरूर लिहा. फोटोत पाहणं वेगळं आणि समोर उभं राहणं वेगळं.

गोट्या_सोलापूरकर

पोहे घेऊन बसलोय. येऊ द्या.

बखरवाचक

धागा उत्तम. माझं मत सरळ आहे. वारसा असा हाती धरून सोडता येत नाही.

हान राजवट इसवी सनपूर्व २०६ ते इसवी सन २२०. म्हणजे आपल्या सातवाहनांचाच काळ. उद्या कुणी तेरच्या उत्खननातलं सातवाहनकालीन भांडं उचलून कॅमेऱ्यापुढे आपटलं, तर इथले किती जण "वा, काय मांडणी!" म्हणतील? मी तरी पोलिसांत जाईन. शिवाय एक घडा फुटताना फोटो नीट टिपला गेला नाही म्हणून दुसरा फोडला, हेही छापून आलेलं आहे. एका कल्पनेसाठी दोन घडे गेले.

आणि पुढचं ऐका. २०१४ साली मायामीच्या संग्रहालयात आय वेवेचीच रंगवलेली जुनी भांडी मांडली होती, मागे भिंतीवर हेच तीन फोटो. एका स्थानिक चित्रकाराने त्यातलं एक उचललं आणि जमिनीवर टाकलं. तेव्हा आय वेवेला ते पटलं नाही. माझी भांडी माझ्या मालकीची होती, हे दुसऱ्याचं होतं, असं त्याचं म्हणणं. मालकी असली की दोन हजार वर्षं तुमची होतात का?

थेम्सकाठी

@बखरवाचक, तुमचा राग समजतो, पण तो घडा कुठल्या देशात फुटतोय तेही बघायला हवं.

आय वेवे १९५७ चा. त्याचे वडील आय चिंग हे मोठे कवी. त्यांना उजव्या विचारांचे ठरवून कुटुंबासकट दूर शिनजियांगला धाडलं, तिथे ते सार्वजनिक संडास साफ करायचे. १९६६ नंतर 'चार जुन्या गोष्टी नष्ट करा' ही सरकारचीच हाक होती. मंदिरं, पोथ्या, घराघरांतली जुनी भांडी हजारोंनी फुटली आणि फोडणारे शाबासकी घेऊन गेले. पुढे हा अमेरिकेतून १९९३ ला बीजिंगला परत येतो, तर जुनं शहर पाडून नवं उभारायचं काम जोरात, आणि जुन्या बाजारात हान काळातले घडे ढिगाने विकायला. ज्या समाजाने एवढं फोडलं त्याच्यापुढे त्याने एक घडा फोडून दाखवला. अंगावर काटा येतो तो त्या एका घड्यासाठी. आधीच्या हजारोंसाठी का येत नाही, हा त्या फोटोंतला प्रश्न आहे असं मला वाटतं.

आता प्रत्यक्ष पाहिलेलं सांगतो. २०१० च्या ऑक्टोबरात लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयाच्या टर्बाइन हॉलमध्ये त्याने सूर्यफुलाच्या १० कोटी बिया पसरल्या होत्या. प्रत्येक बी पोर्सलेनची, प्रत्येक हाताने रंगवलेली. वजन सुमारे १५० टन. कल्पना अशी की लोकांनी त्यावरून चालावं, लोळावं. पण पायांखाली घासून चिनी मातीची बारीक धूळ उडायला लागली, ती फुप्फुसांना वाईट, म्हणून काही दिवसांतच चालणं बंद केलं. मी गेलो तेव्हा कडेनेच बघावं लागलं. दुरून तो करड्या खडीचा पट्टा वाटतो. वाकून पाहिलं की एकेक बी वेगळी दिसते. करड्या-काळ्या रेघा, कुठे जाड, कुठे टोकाशी निसटलेल्या, एखादीवर रंगवणाऱ्याचा कुंचला कोरडा पडत आलेला. माओच्या काळातल्या चित्रांत माओ सूर्य आणि जनता सूर्यफुलं असायची. ओंजळभर बिया हा टंचाईतला वाटून खायचा खाऊही होता. हे सगळं मनात ठेवून तिथे उभं राहिलं की हा माणूस नुसता फोडणारा राहत नाही.

कैरी_कोकणातली

१० कोटी बिया! आमच्या सासूबाईंना नेलं असतं तर सूप मागून पाखडायलाच बसल्या असत्या.

गोट्या_सोलापूरकर

@कैरी, :हहपुवा:

चाकावरची

वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. मी भद्रावतीला मातीकाम शिकले, आता पुण्यात स्वतःची छोटी भट्टी आहे. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापवून भाजलेलं टणक मातीकाम करते. पोर्सलेनच्या वाटेला गेले आणि हात पोळून घेतले.

ल्यू ज्यानह्वाबद्दल लिहायचंय. जन्म १९६२, जियांगशी प्रांतातला. जिंगदेझेन हे पोर्सलेनचं गाव त्याच प्रांतात. किशोरवयातच काकांच्या हाताखाली तिथल्या कारखान्यात लागला. आधी कारागीर, मग तिथल्याच सिरॅमिक संस्थेत शिल्पकला. म्हणजे ज्या हाताला फुलं, पक्षी, बुद्धमूर्ती बिनचूक घडवायची सवय, त्या हाताने पुढे काय केलं? 'रेग्युलर फ्रॅजाइल' नावाच्या कामात बूट, पिशव्या, गरम पाण्याच्या रबरी पिशव्या, खेळणी अशा रोजच्या वस्तू पांढऱ्याशुभ्र पोर्सलेनमध्ये, शेकड्याने. विमान कोसळल्यावर किंवा पूर ओसरल्यावर मागे उरणाऱ्या सामानासारखं सगळं पसरलेलं.

पण मी जिथे थांबले ते २००८ नंतरचं काम. कोरा कागद. भिंतीवर एक पांढरा ताव लावलेला, कडा किंचित उचललेली. चित्र नाही, अक्षर नाही, झिलईची चमक नाही. जवळ गेल्यावर कळतं की हे पोर्सलेन आहे.

ज्यांनी कधी मातीची सपाट लादी भाजली नाही त्यांना यात विशेष वाटणार नाही, म्हणून सांगते. पोर्सलेनची माती म्हणजे केओलिन ही पांढरी माती आणि पोर्सलेन स्टोन हा कुटून घेतलेला दगड, यांचं मिश्रण. जिंगदेझेनजवळच्या गावलिंग डोंगराच्या नावावरूनच जगभर केओलिन म्हणतात. ही माती साध्या मातीएवढी लवचिक नसते आणि भट्टीत १३०० अंशांच्या आसपास जवळजवळ काचेच्या वाटेने जाते, मऊ पडते, आकसते. वाटी निदान गोलाईने स्वतःला सावरते. सपाट पातळ ताव कशाने सावरणार? लाटताना एका बाजूला जास्त दाब पडला असेल, सुकवताना एका कडेला वारा लागला असेल, तरी माती ते लक्षात ठेवते आणि भट्टीतून पापडासारखी वेडीवाकडी होऊन बाहेर येते. पहिल्या भाजणीतून बाहेर येताना सरळ दिसलेली लादी झिलईच्या भाजणीत वाकते, हा अनुभव प्रत्येक स्टुडिओत आहे. आणि या माणसाला कडा वाकायला हवीच आहे, पण त्याला हवी तेवढीच आणि त्याला हवी तिथेच. तो ताव कोरा आहे म्हणूनच लपायला जागा नाही. फुलं काढली असती तर बारीक तडा फुलाखाली जिरवता आला असता.

हजार वर्षं ज्या गावाने भांड्यावर काय काढायचं याचा विचार केला, त्या गावच्या माणसाने न काढता दाखवलं. @रंगरेषा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. घडा फोडायला एक क्षण लागतो. असा कागद भाजायला आयुष्य त्या मातीत जावं लागतं.

बखरवाचक

@चाकावरची, दंडवत.

अनामिक_पाखरू

मी अकरावीत आहे, नुसतं वाचत होते. चाकावरची ताई, मग भट्टीत सगळं वाकतं तर ते लोक करतात कसं? खूप वेळा करून बघतात का?

चाकावरची

@पाखरू, हो, आणि बरंच फेकून देतात. मातीचं मिश्रण बदलून बघायचं, अगदी हळू सुकवायचं, भट्टीत खाली आधार कसा द्यायचा ते ठरवायचं. त्याची नेमकी कृती मी पाहिलेली नाही. पण जिंगदेझेनमध्ये यासाठी विचारायला माणसं आहेत, हे मोठं. नुसती लादी करणारे, नुसते भट्टी लावणारे.

शांघाय_रिटर्न

@चाकावरची, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. मी नोकरीनिमित्त चीनमध्ये होतो तेव्हा जिंगदेझेनला जाऊन आलो. माझा कलेशी संबंध नाही, सुट्या भागांच्या कारखान्यातला माणूस. पण ते गाव बघून मी थक्क झालो ते कामाच्या वाटणीने.

रस्त्यात हातगाडीवर लांब फळ्या, फळ्यांवर ओळीने कच्ची, न भाजलेली भांडी, आणि गाडीवाला वाहनांच्या गर्दीतून ती नेतोय. कारण एका दुकानात भांडं चाकावर उठतं, दुसऱ्यात तासलं जातं, तिसऱ्यात रंगतं, चौथीकडे भट्टी. प्रत्येकाचं एकच काम आणि ते जन्मभराचं. निळ्या रंगाची बाह्यरेषा एक जण काढतो, आत पाणीदार निळा भरणारा दुसरा. तासणाऱ्याचं काम मी बराच वेळ बघत बसलो. आपल्याकडे ओलसर असताना तासतात, तिथे पूर्ण वाळलेलं भांडं घेतात. चाकावर ते उपडं ठेवून लोखंडी पातं लावलं की पांढरा भुगा झरझर उडतो, माणूस भुवयांपर्यंत पांढरा. मधूनच थांबतो, बोटाने भांड्याला टिचकी मारतो, आवाज ऐकतो आणि अजून किती जाडी काढायची ते ठरवतो. मोजपट्टी नाही. मिंग काळाच्या शेवटी, १६३७ सालच्या एका ग्रंथात लिहिलंय की एक पेला तयार व्हायला ७२ हातांखालून जातो. ते आजही बघायला मिळतं.

आता कळीची गोष्ट. १९९० च्या दशकात तिथले सरकारी मोठे कारखाने एकामागून एक बंद पडले. हजारो कसबी माणसं घरी बसली. त्यांतल्या काहींनी घरातच चाकं मांडली. मग कलावंत यायला लागले, कारण तुम्हाला हवं ते जगात कुठे होणार नाही, ते इथे होतं. २००५ पासून जुन्या शिल्प-कारखान्याच्या आवारात हाँगकाँगच्या 'पॉटरी वर्कशॉप'ने परदेशी-देशी कलावंतांना राहून काम करायची सोय केली. शनिवारी सकाळी तिथे तरुण पोरं-पोरी स्वतः केलेली भांडी विकतात. बाहेरगावाहून येऊन इथेच राहिलेल्या या पोरांना 'जिंगप्याओ' म्हणतात. २०१६ मध्ये एका बंद कारखान्याच्या जागी थाओशीच्वान नावाचा मोठा कलापरिसर उभा राहिला, जुनी धुराडी तशीच ठेवून.

त्या १० कोटी बिया याच गावात झाल्या. १६०० च्या वर माणसं, सुमारे अडीच वर्षं. घरी नेऊन बायका रंगवायच्या आणि वजनावर पैसे घ्यायच्या. म्हणून माझा प्रश्न: टेटच्या भिंतीवर नाव एकाचं. ही परंपरेची नवी मांडणी की जुनीच मजुरी?

कैरी_कोकणातली

हा मुद्दा पटला. २०११ ला त्यातल्याच प्रकारच्या १०० किलो बिया लंडनच्या लिलावात साडेतीन लाख पौंडांच्या आसपास गेल्या. रंगवणारीला त्यातलं काय?

थेम्सकाठी

तिला तिच्या गावातल्या दराने मजुरी मिळाली, आणि ती त्या वेळी गावाला हवी होती. त्या प्रदर्शनात बाजूला फिल्म दाखवत होते, तिच्यात त्या बायका काम करताना, हसताना दिसतात. लोक आधी फिल्म बघून मग बियांकडे जायचे तेव्हा त्यांची नजर बदललेली असायची. लिलावाच्या आकड्याचा बचाव मी करणार नाही.

बखरवाचक

@शांघाय_रिटर्न, नाव न लावणं ही तिथली जुनीच रीत. मिंग-छिंग काळातल्या शाही भांड्याच्या बुडाशी राजवटीचं नाव असतं, कुंभाराचं नसतं. गावाचं नावही बादशहाचंच. जिंगदे नावाच्या कालखंडात, १००४ साली, दरबाराने दिलेलं. तेव्हा या बाबतीत आय वेवे परंपरेला धरूनच चालला असं म्हणावं लागेल!

चाकावरची

@बखरवाचक, सगळीकडे तसं नव्हतं. फुच्येन प्रांतात देहुआ म्हणून दुसरं गाव आहे, दुधी पांढऱ्या पोर्सलेनचं. तिथे मिंग काळात हे छाओझोंग नावाचा मूर्तिकार होऊन गेला. त्याच्या करुणादेवीच्या मूर्तींच्या पाठीवर त्याचा शिक्का असतो. वस्त्राची एकेक चुणी बघा, झिलईखाली बुजत नाही. आणि जिंगदेझेनमध्येही विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात 'झूशानचे आठ मित्र' म्हणून चित्रकारांचा गट होता, ते पोर्सलेनच्या फरशीवर चित्रं काढून सही करायचे. म्हणजे सही करायची वाट होती, ती मोठ्या कारखान्यांच्या काळात बुजली. आजचे कलावंत ती पुन्हा मोकळी करताहेत, पण स्वतःपुरती. तासणाऱ्याची सही अजून बुडाशी आलेली नाही आणि ती यायला हवी, यावर मी ठाम आहे.

मडगांवकार

हांव थोडे अवांतर करतां, माफ करात. चिनी पोर्सलेन गोव्याला काही नवीन नाही. पोर्तुगीज जहाजांतून ते इथे उतरायचं, पुढे लिस्बनला जायचं. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मठाच्या आवारात उत्खनन झालं तेव्हा निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले. आमच्या जुन्या घरांत अजून एखादी चिनी बशी कपाटात वर ठेवलेली असते आणि पोरांना हात लावू देत नाहीत.

गोट्या_सोलापूरकर

आमच्याकडे चिनी मातीचं म्हणजे लोणच्याची बरणी. तिलाही हात लावू देत नाहीत.

कैरी_कोकणातली

बरणीवर दादरा बांधलेला असतो, ओला हात लागला की बुरशी. यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन.

रंगरेषा

@कैरी, @गोट्या, बरणीचा धागा खरंच काढा. :)

@मडगांवकार, तुकड्यांवरून ली श्याओफेंग आठवला. हा बीजिंगमध्ये काम करतो. सोंग, मिंग, छिंग या जुन्या राजवटींच्या काळातल्या फुटक्या भांड्यांचे तुकडे गोळा करतो, घासून आकार देतो, कडांना भोकं पाडतो आणि तारेने एकमेकांना शिवतो. आतून चामड्याचं अस्तर. त्यातून झगे, कोट, चिलखतासारखे पोशाख उभे राहतात. २०१० मध्ये लाकोस्त कंपनीसाठी त्याने पोर्सलेनचा पोलो शर्टही केला. वक्र तुकडे निवडण्यात त्याचं खरं कसब आहे. वाटीच्या पोटाचा तुकडा खांद्यावर बसतो, बशीचा उथळ तुकडा पाठीवर. कुठल्या फुलाची अर्धी पाकळी कुठल्या माशाच्या शेपटीला जाऊन मिळेल, तेही त्याने पाहिलेलं असतं. आय वेवेच्या तिसऱ्या फोटोत जे जमिनीवर पडलंय, तिथून याचं काम सुरू होतं असं मी वर्गात सांगते.

गोट्या_सोलापूरकर

इस्त्रीची कटकट नाही. फक्त एस्टीत बसताना जपायचं.

सीए_साहेब

सगळं वाचलं. माझा आक्षेप थोडा कठोर आहे. हे सगळं पाश्चात्त्य गिऱ्हाइकासाठी चाललंय. निळं-पांढरं, ड्रॅगन, कमळ. परदेशी संग्राहकाला जे 'चिनी' वाटतं तेच थोडं वळवून त्याला विकायचं. लंडन, मायामी, व्हेनिस. या धाग्यात आतापर्यंत एकाही चिनी घराचा उल्लेख नाही. याला परंपरा कशी म्हणायची?

बखरवाचक

@सीए_साहेब, इथे मात्र मी कलावंतांच्या बाजूने. परदेशी गिऱ्हाईक ही जिंगदेझेनची जुनीच गोष्ट आहे. ज्या निळ्या-पांढऱ्याला आपण अस्सल चिनी म्हणतो, त्याच्या सुरुवातीचा चांगला कोबाल्ट, म्हणजे तो निळा रंग, इराणकडून यायचा. युआन काळात (तेराव्या-चौदाव्या शतकात) मोठमोठी ताटं पश्चिम आशियातल्या बाजारासाठी बनायची, चिनी माणूस एवढ्या मोठ्या ताटात जेवतच नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १३५१ साल लिहिलेली निळ्या-पांढऱ्या कलशांची प्रसिद्ध जोडी आहे, ती मात्र चीनमधल्याच एका देवळासाठी केलेली. म्हणजे देवळालाही तेच आणि निर्यातीलाही तेच. पुढे पोर्तुगीज आले, डच आले, त्यांची घराण्याची चिन्हं हे कारागीर न समजता तंतोतंत रंगवून देत. शुद्ध परंपरा शोधायला गेलात तर हाताला काही लागणार नाही.

ब्रिस्बेनची_माई

@सीए_साहेबांचा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. कमळ आणि ड्रॅगन म्हणालात ना, आ श्यानकडे बघा.

हा बीजिंगचा, जन्म १९६०. १९८९ च्या जूनमध्ये तिआनानमेन चौकात जे झालं त्यानंतर तो ऑस्ट्रेलियात आला आणि इथेच राहिला. १९९८ पासून त्याने 'चायना चायना' ही मालिका केली. माणसांचे अर्धपुतळे. जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढायचा, घरातली, ओळखीची माणसं, मग तो पोर्सलेनमध्ये उतरवायचा आणि त्यावर जिंगदेझेनच्या कारागिरांकडून परंपरागत नक्षी रंगवून घ्यायची. डोंगर, नद्या, कमळं, ड्रॅगन, फुलपाखरं. पुढे त्याने मीनाकाम, लाख, हाडाचं जडावकाम असे दुसरे प्रकारही हाताळले. मीनाकामाच्या एका पूर्णाकृतीला २००१ मध्ये इथल्या नॅशनल गॅलरीचा शिल्पकलेचा पहिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

मी त्यातले पुतळे समोर उभं राहून पाहिलेत. साच्यासाठी डोळे मिटावे लागतात, म्हणून सगळ्यांचे डोळे मिटलेले. नक्षी छातीवर, खांद्यावर असती तर ती गोंदण वाटली असती. ती तिथे थांबत नाही. ओठांवरून जाते, पापण्यांवरून जाते, नाकपुडीच्या कडेला वळते. एका चेहऱ्यावर डोंगराची रेघ बरोबर मिटलेल्या डोळ्यावरून गेलेली. मला क्षणभर गुदमरल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी तो चेहरा फार सुंदरही दिसत होता.

साहेब, तुम्ही म्हणता परदेशी माणसाला दाखवायला ड्रॅगन काढला. मी इथे आयुष्य काढलंय. चार लोकांत गेलं की माझ्याआधी माझी साडी, माझी टिकली, माझा मसाल्याचा डबा बोलायला लागतो. मला ते सगळं जिवापाड प्रिय आहे, आणि तरी कधीकधी वाटतं की मलाही तोंड आहे. ते आ श्यानने केलंय. देश सोडून आलेल्या माणसालाच ते सुचलं, बीजिंगमध्ये राहून सुचलं नसतं. तेव्हा कुणासाठी केलं याच्याआधी कुठे राहून केलं ते विचारा.

सीए_साहेब

@माई, याला माझ्याकडे उत्तर नाही. आ श्यानपुरता आक्षेप मागे. बाकी लिलावबाजाराबद्दल माझं मत तेच आहे.

विदर्भकन्या

माई, किती छान लिहिलंत.

चिनी घराचा मुद्दा निघाला म्हणून वान लीयाचं नाव सांगते. त्याने शांपू, डिटर्जंट, डोक्याचं तेल अशा न्हाणीघरातल्या बाटल्या पोर्सलेनमध्ये केल्या, ओळीने मांडल्या आणि सगळ्यांवरून मिळून डोंगर-नद्यांचं एकच सलग चित्र नेलं. घ्या, चिनी घर!

अनामिक_पाखरू

मी गंग श्वेचं शोधून पाहिलं!! रंगरेषा मॅडमनी फक्त नाव लिहिलं होतं. तिचा जन्म १९८३ चा. तिने पोर्सलेनच्या बाहुल्या करून त्यांची स्टॉप-मोशन फिल्म केली आहे, 'मिस्टर सी' (सी म्हणजे समुद्र) नावाची, तेरा-एक मिनिटांची. फू सोंगलिंग नावाच्या जुन्या लेखकाच्या अद्भुत गोष्टींपैकी एक घेतली आहे. एक विद्वान बेटावर जातो, तिथे एक बाई भेटते, मग मोठा साप येतो. सगळं पोर्सलेनचं, झाडंसुद्धा, सापसुद्धा.

मला वाटलं होतं भांडी म्हणजे स्थिर असतात. इथे हाताचे सांधे वेगळे केलेत आणि ते हलतात तेव्हा कपाला कप लागल्यासारखा बारीक आवाज येतो. दोघं एकमेकांना जवळ घेतात तेव्हाही तोच आवाज. सारखी धास्ती वाटत राहते की आता फुटेल. आणि चेहऱ्यावर झिलई असल्यामुळे दिव्याचा उजेड हलला की बाहुली रडतेय असं वाटतं. २०१९ ला व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात चीनच्या दालनात पण गंग श्वेचं काम होतं.

चाकावरची

@पाखरू, शाबास. झिलई आणि उजेडाचं जे लिहिलंस ते आमच्यातल्या भल्याभल्यांना दिसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला आलीस तर माझ्याकडे ये, चाकावर बसवते.

शांघाय_रिटर्न

या पोरीमुळे मूळ प्रश्नाकडे यावंसं वाटलं. फिल्म करणारी गंग श्वे घ्या, कोरा कागद भाजणारा ल्यू घ्या. दोघांनीही पोर्सलेन फुटतं हीच गोष्ट हाताशी धरली आहे. एकीने आवाजात, एकाने कडेच्या वाकण्यात. आय वेवेनेही तेच धरलं, फक्त त्याने फुटू दिलं. मग यांत वरखाली कसं लावायचं?

रंगरेषा

@शांघाय_रिटर्न, वरखाली लावायला मला हरकत वाटत नाही, वर्गात मी लावतेच. एवढे प्रतिसाद वाचूनही माझं माप तेच आहे: तो हान घडा कसा घडवला होता, हे त्या तीन फोटोंतून मला कळत नाही. कुणी घडवला, भट्टी कसली, रंग कसला, काही नाही. आय वेवेला तो जुना आणि मोलाचा असला की पुरे होतं. त्याच्या जागी जुनी मूर्ती किंवा जुनं फर्निचर असतं तरी चाललं असतं, आणि फर्निचरवर त्याने पुढे कामं केलीही. ल्यूच्या कागदाच्या जागी दुसरं काही ठेवून बघा. लाकडाचा केला तर तो कागद राहत नाही, निव्वळ कसरत होते. म्हणून आय वेवे राजकारणावर, स्मृतीवर फार मोठं बोलला हे मी मान्य करते, पण मातीवर बोलला तो बियांमध्ये. तिथे १६०० माणसांचे हात आले आणि म्हणूनच ते काम मला त्या फोटोंपेक्षा कितीतरी वरचं वाटतं.

थेम्सकाठी

बियांपुरतं एकमत. फोटोंबद्दल मी अजून भांडेन. तो घडा कुणी घडवला हे आपण विचारायला लागलो ते तो फुटल्यावरच. अखंड असताना तो बाजारात पडून होता.

बखरवाचक

विचारायला तो फोडायलाच हवा होता, हे मला कधीच पटणार नाही. पण कोऱ्या कागदाबद्दल कळलं, त्यासाठी धागाकर्तीचे आणि चाकावरचीचे आभार.

मडगांवकार

मुंबईत जुनं चिनी पोर्सलेन बघायला कुठे मिळेल? नवीन लोकांचं काम कळायला आधी जुनं डोळ्यांखालून घालायला हवं.

रंगरेषा

@मडगांवकार, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहातून आलेलं चिनी आणि जपानी काम तिथे आहे. बशी असेल तर समोरून बघून पुढे जाऊ नका, खाली वाकून बुडाची कड बघायचा प्रयत्न करा. झिलई जिथे संपते आणि माती उघडी राहते तिथे तासणाऱ्याच्या पात्याच्या खुणा दिसतात.

चाकावरची

@रंगरेषा, या सत्रात मुलांना घेऊन या माझ्याकडे. आधी प्रत्येकाकडून एक सपाट लादी करून घेऊ आणि भाजू. मग त्यांना दोन्ही कामं दाखवा आणि उत्तरपत्रिका लिहायला सांगा.

रंगरेषा

ठरलं. फोन नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते. बखरवाचक, तुम्हीही या.

बखरवाचक

येतो. लादी वाकली तरी फोडू देणार नाही.